काचेवरची टिचकी

मिस्त्रींना फुंकर मारताना मी कधी पाहिलं नाही. चहा कितीही गरम असो, बशीत ओतून तो आपोआप निवेपर्यंत ते बशीकडे बघत बसायचे. दिव्याची वात चिमटीत धरून विझवायचे. बारीकसारीक भागांवरची धूळ झटकायला त्यांच्याकडे कोंबडीचं एक पीस होतं. एकदा मी त्यांच्या बाकावरचा लोखंडाचा कीस फुंकरीने उडवला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानात थुंकलोच असं मला वाटलं.

"डाक्टरसाब," ते म्हणाले, "आतली हवा मोजून भेटते. अशी उधळाची नाई."

चंद्रपुरात जुन्या तटाच्या आतल्या बाजूला एका बोळात त्यांचं दुकान होतं. पाटी नव्हती. हवेवर चालणारी कुठलीही वस्तू तिथे दुरुस्त व्हायची. स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, सायकलचे पंप, वेल्डिंगवाल्यांच्या नळ्या, आणि महाकालीच्या यात्रेत फुगे फोडायला ठेवतात त्या छर्‍याच्या बंदुका. यात्रा उठली की फुगेवाले आपल्या बंदुकांची मोळी त्यांच्या दारात आणून टाकायचे. मिस्त्री एकेक बंदूक उचलून जबड्याला लावायचे आणि डोळे मिटायचे. त्यांचा डावा कान पार गेलेला होता. गळती कुठे आहे ते त्यांना जबड्याच्या हाडातून कळायचं. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे ते नंतर काढायचे, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून.

दुकानात शिरणं हाच एक सोहळा होता. माणसाला दारात थांबवून ते त्याचा वास घ्यायचे. अक्षरशः नाक पुढे करून. डोक्याला तेल असलं तर त्यावर फडकं बांधायचं, आणि तेल असो नसो, मागच्या नळावर लाल साबणाने दोनदा हात धुवायचे. त्यांचे स्वतःचे केस कडब्यासारखे कोरडे असत. मी सरकारी अधिकारी, पहिल्या दिवशी मला याचा भयंकर राग आला होता. डोक्याला फडकं बांधून मी स्टुलावर बसलो तेव्हा माझा ड्रायव्हर बाहेर तोंड फिरवून हसत होता.

कोपऱ्यातलं सिलिंडरही मी त्याच दिवशी पाहिलं. कमरेएवढं, राखाडी रंगाचं, मानेभोवती स्वच्छ धुतलेला पांढरा रुमाल. त्याच्या घड्याळातली सुई एकशे चाळीसवर होती. मी सहज त्याला टेकायला गेलो, तर मिस्त्री एवढंच म्हणाले, "तिथी नाई." पुढे माझ्या लक्षात आलं की सकाळी दुकान उघडलं की ते आधी त्या सिलिंडरला सलाम करतात, वाकून सुई बघतात, "एकशे चाळीस" असं मोठ्याने म्हणतात आणि मगच कामाला लागतात.

मी माणसांचा डॉक्टर नाही, जनावरांचा. नोकरीतली सात वर्षं चिमूरला काढली. गाईम्हशी बघता बघता वनखात्याने मलाही आपल्या गाड्याला जुंपलं, कारण वाघ-बिबट्याला बेशुद्ध करायचं तर औषध किती द्यायचं ते ठरवायला डॉक्टर लागतो. त्या कामासाठी एक परदेशी बंदूक आली होती. तिच्यातून गोळीऐवजी औषधाची सिरिंज उडायची, आणि ती उडायची दाबलेल्या हवेवर. नळीखाली हातभर लांब पोलादी टाकी. उभा पंप पायाखाली दाबून धरायचा आणि टाकीत हवा ठासायची. टाकीच्या टोकाला रुपयाएवढं दाबाचं घड्याळ. त्याची सुई हिरव्या पट्ट्यात आली की बंदूक तयार. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात दुसऱ्याच महिन्यात टाकी हवा धरेना. दोनशे झटके मारावेत आणि सगळी हवा नळीतून फुस्स करून निघून जावी. कंपनीला तीन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, यात्रेतल्या बंदुका करते तो मिस्त्री पाहू का?"

मिस्त्रींनी बंदूक मांडीवर घेतली, जबड्याला लावली आणि विचारलं, "घोडा चढवून भरता का उतरवून?"

"उतरवून. सुरक्षित असतं म्हणून."

"तर मंग! घोडा तिच्या छातीवर बसून राह्यला, न् तुमी म्हनता श्वास घे." त्यांनी घोडा मागे ओढून अडकवला आणि पंप मारला. हवा आत राहिली. आमच्या तीन पत्रांचं उत्तर ते होतं.

त्यानंतर काही झालं की मी बंदूक घेऊन चंद्रपूर गाठायचो. भरल्यावर पाच मिनिटांत सुई खाली येते, ही माझी पुढची तक्रार. मिस्त्री म्हणाले, "गळती नाई ते. दाबलेली हवा गरम होते, दमते. तिले बसू द्या. थंडी झाली का सुई थोडी पडनारच. नाई पडली तर समजा काई गडबड हाये." आणि कुठलंही घड्याळ वाचायच्या आधी ते काचेवर मधल्या बोटाने दोन टिचक्या मारायचे. सुई अडकून बसलेली असली तर टिचकीने सुटते. "पहले टिचकी, मंग यकीन," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक घड्याळावर ते टिचकी मारायचे. कोपऱ्यातल्या सिलिंडरच्या काचेवर मात्र नाही. हे मी पाहत होतो, पण तेव्हा त्याचा काही अर्थ लागला नाही.

एका पावसाळ्यात बंदूक भामरागडला गेली. विहिरीत पडलेलं अस्वल काढायला म्हणून नेली आणि नद्या चढल्यामुळे तीन आठवडे तिकडेच अडकली. परत आली ती आजारी होऊन. सुई निम्म्याच्या वर जाईना. मिस्त्रींनी टाकी उघडायला घेतली, आतली रबरी कडी चिमट्याने ओढून नाकाशी नेली आणि थांबले.  ती कडी फुगून मऊ पडली होती. भामरागडला कोणा भल्या माणसाने ती नीट बसावी म्हणून तिला मोहाच्या बियांचं तेल चोळलं होतं. तिकडे बैलगाडीच्या आसापासून दुखऱ्या गुडघ्यापर्यंत सगळ्याला तेच तेल लावतात. त्याच्या दृष्टीने त्याने औषधच केलं होतं.

मिस्त्रींनी मला हाताला धरून बाहेर काढलं. बंदूक मागच्या अंगणात रेतीच्या बादलीत ठेवली आणि दुपारपर्यंत आम्ही दोघे समोरच्या ओट्यावर नुसते बसून राहिलो. तिथे त्यांनी भावाची गोष्ट सांगितली.

"माहा लहाना भाऊ. त्या आतल्या बाकावर गेला. जुम्म्याचा दिवस होता. खदानीतल्या एका ठेकेदाराचे दोन सिलिंडर भराले आले होते, धुरात उतरनाऱ्याईचे, श्वास घ्याचे. एक त्यानं भरला. दुसऱ्याच्या नटाले तेलाचं बोट लागलं होतं. तेल न् दाबलेली हवा एकमेकाईले सहन नाई करत, डाक्टरसाब." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "हा कान त्याच दिवशीचा."

"आणि पहिलं सिलिंडर?"

"हाये ना." त्यांनी दुकानाच्या कोपऱ्याकडे मान केली. "त्यानं भरलेली हवा हाये त्याच्यात. ठेकेदारानं दोनदा मानूस पाठवला. मी नाई देल्ला."

बोट भावाचं होतं असं मी धरून चाललो. सगळा मोहल्ला तेच धरून चालत होता.

संध्याकाळी कडी बदलून दिली आणि निघताना त्यांनी मला एक नियम घातला. टाकीत उरलेली हवा भरली तिथेच सोडायची, दुसऱ्या गावाला न्यायची नाही. "जिथली हवा तिथीच सोडून याची. नाई तर ती घर शोधते." मी हा नियम चिमूरच्या ऑफिसात विनोद म्हणून सांगायचो आणि लोक हसायचे. मात्र सगळे नाही. आमच्या भागात हवा या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, आपण श्वासात घेतो ती. दुसरी, बाधेसारखी लागते ती, म्हणजे तिन्हीसांजेला नाल्यावरून आलेल्या माणसाला, बाळंतिणीला. मिस्त्री कुठल्या हवेबद्दल बोलायचे ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीत आहे असं मी समजत होतो.

त्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत चिमूरकडच्या एका गावात वाघाने बाई मारली. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून धान कापत होती. पंधरवड्यातलं ते दुसरं माणूस. गावाचं धान उभं होतं आणि कापायला कोणी बांधीत उतरेना. वाघ कुठे गेलाही नव्हता. नाल्याकाठच्या बांबूत बसून होता, कधीमधी दिसत होता. त्याला बेशुद्ध करून हलवला नाही तर तिसरं माणूस जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते काम माझ्यावर आलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. बाई गेली त्याच बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, आम्ही सामान मांडलं, कारण तिथून नाला नीट दिसायचा. तिचा इळा अजून धुऱ्यावर पडला होता. तिच्या चपलाही होत्या, घराबाहेर काढून ठेवाव्यात तशा नीट जोडीने. पंपाचे तीनेकशे झटके लागतात. आमचे वनपाल आणि एक मजूर शंभरातच घामाघूम झाले. तेव्हा मागे उभा असलेला एक माणूस पुढे आला. तीस-बत्तीस वर्षांचा, डोकं भादरलेलं. सकाळीच बायकोला माती देऊन आला होता.

"मी मारतो," तो म्हणाला. "तुमी बसा."

त्याला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं. तो पंप मारायला लागला. दांडा वर ओढला की बुडाजवळच्या भोकातून हवा आत खेचली जायची, हुंदका आवरल्यासारखा आवाज यायचा, आणि ते भोक धानाच्या लोळलेल्या, काळ्या पडलेल्या जागेपासून हातभर अंतरावर होतं. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. गावाच्या आलं होतं. बघायला आलेली माणसं हळूहळू गप्प झाली आणि दोन पावलं मागे सरली.

सुई हिरव्या पट्ट्यात आली. मी म्हटलं, "बस." त्याने ऐकलं नाही. त्याची नजर त्या जागेवर होती. "अजून जाते ना आत," एवढंच तो म्हणाला आणि मारत राहिला. सुई पट्ट्यातच होती, म्हणून मीही जोर केला नाही. काचेवर टिचकी मारायची, ती मारली नाही. आज हे सरळ लिहितो आहे. तेव्हाच्या अहवालात लिहिलं नव्हतं.

वाघ त्या संध्याकाळी आला नाही. अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. टाकी तिथेच रिकामी करायचा मिस्त्रींचा नियम मला आठवला, पण पहाटे परत तीनशे झटके कोण मारणार? भरलेली बंदूक पेटीत घातली आणि दोन कोसांवरच्या वनखात्याच्या नाक्यावर नेली. तिथे दिवेलागणीला वनपाल माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, पेटी काई तरी म्हनून राह्यली."

मी पेटी उघडली. आतून बारीक, लांब आवाज येत होता. गळतीचा आवाज मला ठाऊक होता, तो एकसारखा असतो. हा थांबत होता आणि पुन्हा सुरू होत होता, झोपलेल्या माणसासारखा. थंडी पडली होती, अंगावर शाल घ्यावी लागली होती, म्हणजे सुई खाली यायला हवी होती. ती हिरव्या पट्ट्यात जागच्या जागी होती. "गळती आहे थोडी," मी म्हटलं आणि पेटी पलीकडच्या खोलीत ठेवायला लावली. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. मी त्या खोलीच्या दाराला कडी घातली.

उजाडताना वाघ आला. आम्ही जीपमध्ये होतो. तो धुऱ्यावरून चालत आला आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर आडवा उभा राहिला. असा नेम आयुष्यात एकदा मिळतो. मी चाप ओढला. टक्. एवढंच. सिरिंज नळीतून हललीसुद्धा नाही. घोडा परत चढवला, परत ओढला. टक्. वाघाने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, त्याला काही घाई नव्हती, आणि तो बांबूत निघून गेला. वनपाल पुढच्या सीटवर पुटपुटले, "हवा लागली बंदुकीले."

तासाभरात ही गोष्ट गावभर झाली, आणि गावाचा निर्णयही. बाई आत आहे. नवऱ्याने स्वतःच्या हाताने भरली, आता ती त्याला सोडून बाहेर येत नाही. नवरा धुऱ्यावर आला, पेटीजवळ उकिडवा बसला आणि टाकीला कान लावून राहिला. मी मिस्त्रींना आणायला जीप चंद्रपूरला पिटाळली.

दुपारी मिस्त्री उतरले, हातात साबणाची वडी आणि पाण्याचा डबा. त्यांनी घड्याळाच्या काचेवर टिचकी मारली. सुई जी उडाली ती हिरवा पट्टा, लाल पट्टा ओलांडून टोकाला जाऊन आदळली. भामरागडच्या पाण्याने आत गंज धरला होता आणि सुई अडकली होती. टाकीत दीडपट हवा होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आतून जोर इतका हाये का वाल्व उघडूनच नाई राह्यला. घोडा ठोकते, न् दरवाजा हलत नाई. बगलेचा पेच ढिला करून सोडावं लागन. एका मिनिटाचं काम."

नवऱ्याला ते ऐकू गेलं. त्याने पेचावर तळहात ठेवला.

"चाचा, नोका सोडू. ती बोलून राह्यली."

"काय बोलून राह्यली?"

"समजत नाई अजून. दाबल्यावानी आवाज येते."

मला राहवलं नाही. मी ओरडलोच. "अरे, तो वाघ तिथे बसलाय! उद्या दुसऱ्याची बायको जाईल, मग?"

त्याने माझ्याकडे वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मंग माही कोनती वापस येते, साहेब?"

"डाक्टरसाब," मिस्त्री म्हणाले, "तुमी जीपमंधी बसा."

मी पाच पावलं गेलो आणि थांबलो. मिस्त्री त्याच्यासमोर चिखलात बसले. डब्यातलं पाणी ओतून त्यांनी त्याचे हात साबणाने दोनदा धुतले, लहान मुलाचे धुवावेत तसे, बोटांच्या मधून. स्वतःचा दुपट्टा त्याच्या डोक्याला बांधला.

"तू भरली ना? तूच सोड. दुसऱ्या कोनी हात नाई लावनार."

"सोडली तर संपन ना ती?"

मिस्त्रींनी पाण्याचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "एवढ्याशा डब्यात दाबून ठिवलं तर काय राहते का रे, बेटा? त्रास होते तिले. बोलता नाई येत. जागा देशीन तर बोलन." त्यांनी त्याच्या हातात पाना दिला. "पाव आटा. जास्त नाई."

आणि मिस्त्री उठून माझ्या बाजूला आले, पाठ फिरवून उभे राहिले आणि आपला चांगला कान तळहाताने बंद केला. मला ते विचित्र वाटलं. गळती ऐकणं हे तर त्यांचं सगळं आयुष्य होतं.

हवा सुटायला लागली. बारीक, लांब, रात्रीच्या आवाजाइतकीच अडखळत. तो टाकीवर वाकला. मी घड्याळ लावून पाहत होतो, ती माझी सवय. एवढीशी टाकी, पाव आटा धरला तरी दोन मिनिटांत रिकामी व्हायला हवी. अकरा मिनिटं आवाज येत होता. बांधीत पन्नास माणसं उभी होती आणि धानात कोणी पाय हलवत नव्हतं. अधूनमधून तो मान डोलवायचा. "हो," म्हणायचा. "हो... हो." मग आवाज थांबला. तो बराच वेळ तसाच राहिला, आणि उठून मिस्त्रींना म्हणाला,

"कोंबड्या डालाले सांगते."

एवढं बोलून तो भरदुपारी घराकडे चालू लागला. कोणी त्याला थांबवलं नाही. नंतर वनपालांनी सांगितलं की ती गेली त्या दिवसापासून कोंबड्या उघड्यावरच होत्या, कोणाच्या ध्यानातच नव्हतं. दोन उरल्या होत्या. त्या त्याने डाल्याखाली घातल्या, वर दगड ठेवला आणि दारात बसून पहिल्यांदा रडला.

मिस्त्रींनी घड्याळ साफ करून दिलं. टाकी नव्याने भरली, बसू दिली, टिचकी मारून सुई पाहिली. तिसऱ्या दिवशी सिरिंज वाघाच्या मांडीत बसली आणि त्याला पिंजऱ्यातून नेलं. धान कापलं गेलं. त्या गावात आणखी कोणाचा जीव गेला नाही. खात्याने माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

महिन्याभराने मी चंद्रपूरला गेलो होतो तो मिस्त्रींना भेटायलाच. काम काही नव्हतं. त्यांनी माझा वास घेतला, हात धुवायला लावले, आणि मी बसल्यावर दुकानाचं दार निम्मं ओढून घेतलं. दुपारचे तीन वाजले असतील.

"त्या पोराले मी सांगून तर देल्लं," ते म्हणाले. "दाबून ठिवलं तर त्रास होते. मंग वापस आलो, दुकान उघडलं, न् हा समोर." सिलिंडरकडे त्यांनी पाहिलं नाही, नुसतं बोट केलं. "तेल माह्या हाथाचं होतं, डाक्टरसाब. जुम्म्याची आंघोळ करून, चमेलीचं तेल लावून मी आलो होतो. नट मीच धरून देल्ला त्याले. तो काई तरी बोलला. कंप्रेसर चालू होता, ऐकाले नाई आलं. ओठ हलले तेवढे दिसले. मी म्हटलं, कस लवकर, नमाजले जाचं हाये. त्यानं कसला."

मी स्टुलावरून उठलो. 

"उन्नीस साल झाले. काय बोलला असन तो? गाली देल्ली असन का?" त्यांनी फडक्याला हात पुसले. "आज उघडतो म्हनतो. पन पहले टिचकी. माही हिंमत नाई होत. तुमी मारा."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी वाकलो. सुई एकशे चाळीसवर होती. मी मधल्या बोटाने काचेवर एक टिचकी मारली, आणि सुई सरळ शून्यावर येऊन पडली. काही अडखळणं नाही, काही नाही. सिलिंडर रिकामं होतं. कधीपासून, ते देव जाणे. कदाचित पहिल्या वर्षापासूनच.

"किती?" मिस्त्रींनी भिंतीलाच विचारलं.

"एकशे चाळीस," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पाना घेऊन आले, सुईकडे बघायचं टाळून गुडघ्यावर बसले आणि वरचा नट पाव आटा ढिला केला. मग त्यांनी आपला जबडा सिलिंडरच्या मानेला टेकवला आणि डोळे मिटले. मी जितक्या जवळ जाता येईल तितका गेलो. मला काही ऐकू आलं नाही. बोळातून एक सायकल गेली, तेवढं. पण सिलिंडरच्या गळ्यातल्या रुमालाचं एक टोक हलत होतं. दार निम्मं ओढलेलं होतं आणि पंखा बंद होता.

"हो," मिस्त्री म्हणाले. "हो... हो."

या वेळी मी घड्याळ लावलं नाही. रुमाल हलायचा थांबला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. म्हातारा माणूस, पण चेहरा एकदम कोवळा दिसत होता.

"हाथ धो ले, बोलता," ते मला म्हणाले. "हाथ धो ले, भाई. बस. इतनाच बोला था उसने."

आणि ते उठून मागच्या नळावर गेले. पाण्याची धार सुरू झाली. एकदा साबण लावल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा. मी सिलिंडरसमोर गुडघ्यावर बसून होतो. ते परत यायच्या आत सुई वर चढते का, म्हणून काचेवर टिचक्या मारत होतो.